मामांच्या ओपीडीचं मॉडेल ९५ टक्के बरोबर येतंय, तरी हात आखडतोय

कृष्णाकाठची (सोमवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे मामा बालरोगतज्ज्ञ. तासगावच्या पुढं एका गावात त्यांचं सोळा खाटांचं हॉस्पिटल आहे. गावाचं नाव देत नाही, तिथं लेकरांचं हॉस्पिटल एकच आहे, लगेच कळेल. मी मूळची सांगलीची, पुण्यातल्या एका कंपनीचं डेटाचं काम घरून करते. आजवर कुठलं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात कुठला साबण घेईल एवढंच सांगत आले. दिवाळीत मामा म्हणाले, "साबणाचं भविष्य सांगतीस, माझ्या बाकावरच्या पोरांचं सांगशील का?"

त्यांची अडचण खरी आहे. संध्याकाळची ओपीडी साडेपाच ते नऊ. पावसाळ्यात आणि थंडीच्या तोंडाला साठ-सत्तर पोरं असतात. कंपाउंडर नंबर देतो आणि आया बाकावर बसतात. त्यात चव्वेचाळीस नंबरला एखादं लेकरू असं असतं की ते पहिलं आत जायला हवं होतं. गेल्या ऑगस्टमधे सात महिन्यांचं एक बाळ दीड तास बाहेर होतं. आई गरीब स्वभावाची, नंबर यायचाय म्हणून गप्प बसून राहिली. आत आणलं तेव्हा ओठ निळे पडायला लागलेले. मामांनी ऑक्सिजन लावून, स्वतः ॲम्ब्युलन्समधे बसून मिरजेला नेलं. बाळ वाचलं. मामा मात्र त्या रात्री जेवले नाहीत असं मामी सांगते.

तर ठरलं असं, की दारातच लेकराचं वय, वजन, ताप, नाडी, श्वास आणि ऑक्सिजन घ्यायचा, फोनमधे भरायचा आणि "याला ॲडमिट करावं लागेल" असं ज्याचं येईल त्याला आधी आत घ्यायचं. शिकवायला दोन वर्षांचे केसपेपर. मी, मामेबहीण आणि कंपाउंडरचा मुलगा, तिघांनी तीन महिने बसून ६,४०० भेटी एक्सेलमधे चढवल्या. (मामांचं अक्षर! "नेब", म्हणजे वाफेचं नेब्युलायझर, आणि "नको" यातला फरक ओळखायला मला एक महिना लागला.) वरच्या सहा गोष्टींबरोबर तक्रार काय, किती दिवसांपासून, गाव आणि यायची वेळ हेही घेतलं. शेवटचा रकाना ॲडमिट झालं का: हो असेल तर १, नाहीतर ०. असे १ निघाले ३८४.

ग्रेडियंट बूस्टिंग वापरलं, म्हणजे जुन्या नोंदींवरून स्वतःच नियम शिकणारी एक पद्धत. पाचवा हिस्सा डेटा बाजूला ठेवून त्यावर तपासलं तर ९५ टक्के बरोबर. मामा खूश, मित्रांना सांगत सुटलेत.

माझा हात आखडतोय तो दोन कारणांनी. मॉडेल सगळ्यात जास्त कशावर विसंबतंय ते काढून पाहिलं, तर पहिल्या नंबरला आली यायची वेळ आणि दुसऱ्या नंबरला गाव. ऑक्सिजन तिसरा! तोच ताप, तेच वय, फक्त सकाळी अकराच्या ऐवजी संध्याकाळी साडेसहा टाकलं की धोका दुप्पट होतो. आणि दुसरं याहून विचित्र. रक्तातला ऑक्सिजन जितका कमी तितका धोका जास्त, पण ९२ टक्के दिला तर मॉडेल जास्त घाबरतं आणि ८६ दिला तर कमी. मला वाटलं चढवताना चुकलं असेल. तीनदा तपासलं, आकडे बरोबर आहेत.

जाणकारांनी सांगावं. डेटा कमी पडतोय का? डीप लर्निंगकडं (न्यूरल नेटवर्कची मोठी, गुंतागुंतीची मॉडेलं) जाऊ का? की हे असंच चालवायला घेऊ? मामा रोज फोन करतायत.

आकडेमोड (सोमवार, रात्री ११:५५)

चालवायला घेऊ नका. ९५ चा आकडा तर आधी पुसून टाका.

६,४०० मधे ३८४ ॲडमिट म्हणजे ६ टक्के. मी डोळे मिटून प्रत्येक लेकराला "घरी जा" म्हटलं तरी मी ९४ टक्के बरोबर. तुमच्या तीन महिन्यांच्या कष्टांनी माझ्यावर एक टक्क्याची आघाडी घेतली आहे. बाजूला ठेवलेल्या हिश्शात खरी ॲडमिट झालेली किती होती आणि त्यातली किती पकडली, तेवढं सांगा.

दुसरं, डेटा कसा वाटलात? सरसकट चिठ्ठ्या टाकून वाटला असेल, तर सोमवारी आलेलं आणि बुधवारी परत आलेलं एकच लेकरू अर्धं शिकवणीत आणि अर्धं परीक्षेत गेलं. पेपर फुटलाच की. पहिल्या दीड वर्षावर शिकवा आणि शेवटच्या सहा महिन्यांवर तपासा. आणि एका लेकराच्या सगळ्या भेटी एकाच बाजूला ठेवा.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून किती टक्के शक्यतेला "हो" म्हणायचं त्या उंबरठ्याचं गणित कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर सांगतो. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. ४० ला भोंगा झाला की दरवेळी घरात पाणी येत नाही, बऱ्याचदा नदी उतरते. तरी आपण गहू माळ्यावर टाकतो, कारण चुकून टाकला तर पाठ दुखेल आणि नाही टाकला तर २०१९ चा महापूर होईल. तुमच्या मॉडेलनं इशाराच दिलेला नाही, ते थेट ५० टक्क्यांवर हो-नाही म्हणतंय, म्हणजे पाणी उंबऱ्यात आल्यावर भोंगा. तो आकडा खाली आणा आणि मग खोटे भोंगे किती होतात ते मोजा.

आणि डीप लर्निंग वगैरे डोक्यातून काढा. ३८४ उदाहरणांत ते पाठांतर करेल, शिकणार नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच हॉस्पिटलांत बसवलेलं सेप्सिस (संसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं) ओळखायचं एक मॉडेल मिशिगनमधे बाहेरच्या लोकांनी तपासलं, २०२१ मधे ते छापून आलं. सेप्सिस झालेल्यांतले ६७ टक्के पेशंट त्यानं सोडले होते. ते मोठ्या माणसांसाठी होतं आणि करणाऱ्यांकडं तुमच्या-माझ्यापेक्षा ढीगभर जास्त डेटा होता.

मळणीयंत्र (मंगळवार, सकाळी ७:१०)

आमच्या गावचे जुने डॉक्टर लेकरू दारातून आत येताना बघूनच सांगायचे, याला ठेवायला लागतंय. ती नजर कॉम्प्युटरला कुठली? उगाच डोक्याला ताप.

कृष्णाकाठची (मंगळवार, सकाळी ९:०५)

@मळणीयंत्र, नजर मामांनाही आहे ओ. ती आत टेबलापाशी असते आणि लेकरू बाहेर बाकावर, भांडण तेवढंच आहे.

@आकडेमोड, मोजलं. लाज वाटली. परीक्षेतल्या १,२८० भेटींत ७७ ॲडमिट होती, मॉडेलनं पकडली ३१. ४६ सोडली. १८ खोटे भोंगे. ४६ आणि १८ मिळून ६४ चुका, म्हणून ते ९५ टक्के. उंबरठा ८ टक्क्यांवर आणला तर ७७ पैकी ६६ सापडतात, पण २७० जणांवर भोंगा वाजतो. मामांना विचारलं, साठातली तेरा पोरं आधी घ्यायची आणि त्यातली तीनच ठेवायची निघतील, चालेल का? म्हणाले, "तेरा काय, वीस चालतील." हे मी आधी विचारायला हवं होतं. आपण आपलंच ५० टक्के धरून बसलो.

पण ८६ आणि ९२ चं कोडं तसंच आहे. वेळेचंही.

वॉर्डातली_ताई (मंगळवार, दुपारी २:३०)

नमस्कार. मी मिरजेत एका मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डला एकतीस वर्षं सिस्टर होते, आता घरी आहे. नातू फोनवर बोलून टाइप करायचं शिकवतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मला तुमचं मॉडेल कळत नाही बाई, पण रजिस्टर कळतं.

तुमची संध्याकाळची वेळ म्हणजे मुक्कामी गाडी. साडेसहाला आलेल्या लेकराला सलाईन लावलं की ती संपायला रात्र होते. तोवर गावाकडची मुक्कामी एसटी गेलेली असते. आई एकटी, कडेवर दुसरं पोरगं. कुठला डॉक्टर तिला रात्री बाहेर काढेल? तो म्हणतो राहू दे आजची रात्र आणि ॲडमिटचा पेपर होतो. तेच लेकरू सकाळी अकराला आलं असतं तर दुपारी घरी गेलं असतं. गावाचंही तेच. जवळच्याला डॉक्टर म्हणतात, रात्री वाटलं तर घेऊन या. वाडीवरच्याला तसं म्हणता येत नाही. हे सगळं बरोबरच आहे, माणुसकीचं आहे. पण तुमच्या कॉम्प्युटरला वाटलं अंधार पडला की पोरं जास्त आजारी पडतात.

श्वास कोण मोजतं तुमच्याकडं? माझा अंदाज सांगते, रजिस्टरमधे श्वास २८, ३२, ३६, ४०, ४४ असेच असतील. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारानं गुणायचं, सगळीकडं तसंच करतात, गर्दीत मीही केलंय. मग एक श्वास हुकला की चाराचा फरक पडतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे जोराचा श्वास धरतात. आणि चाराच्या पाढ्यात ५० येतच नाही! ४८ येतो नाहीतर ५२. एका श्वासावर बाळ इकडचं तिकडं. पूर्ण एक मिनिट मोजायचं, अंगावरचं कापड वर करून, पोटाकडं बघत. रडत असेल तर थांबायचं, पीत असेल तरी थांबायचं. झोपलेलं असेल तर सोन्याहून पिवळं, उठवू नका.

तापाच्या रकान्यात ९८.६ किती आहेत ते बघा. तो घेतलेला ताप नसतो, भरलेला ताप असतो. आणि निघताना घरी औषध पाजलेलं असतं, ते कोणी लिहीत नाही.

आता खरी गोष्ट. तुम्हीच लिहिलंय की त्या सात महिन्यांच्या बाळाला मामांनी मिरजेला नेलं. मग त्या बाळाच्या पुढं तुमच्या रजिस्टरमधे ॲडमिट लिहिलंय का? तुमच्याकडं तर ते ॲडमिट झालंच नाही. मिरजेला पाठवलेली पोरं तुमच्या एक्सेलमधे कुठं बसलीत ते आधी बघा.

कृष्णाकाठची (मंगळवार, दुपारी ३:१५)

ताई. मी आत्ता जेवत होते, ताट तसंच ठेवून लॅपटॉप उघडला. संध्याकाळी लिहिते.

कृष्णाकाठची (शुक्रवार, रात्री १०:४५)

संध्याकाळी म्हणाले होते, तीन दिवस लागले. बुधवारी सांगलीहून पहिल्या गाडीनं मामांकडं गेले आणि मूळ रजिस्टरं काढून बसले.

केसपेपर चढवताना एक नियम ठरला होता, आणि तो मीच ठरवला होता: ॲडमिटचा रकाना रिकामा दिसला की ० भरायचं. मामा मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात तेव्हा तो रकाना भरत नाहीत. खाली कोपऱ्यात लाल पेननं "रेफर" लिहितात. तो लाल कोपरा आम्ही चढवलाच नव्हता, कारण एक्सेलमधे त्याला रकाना नव्हता.

दोन वर्षांत अशी ७१ लेकरं. ऑक्सिजन ८८ च्या खाली असलेली एकूण ३१ होती, त्यातली २६ रेफर. म्हणजे सव्वीस निळ्या पडत चाललेल्या लेकरांसमोर मी माझ्या हातानं "घरी गेलं" लिहिलं. ९२ वाली मामांच्याच खाटेवर राहिली, ती १ झाली. ८६ वाली मिरजेला गेली, ती ० झाली. मॉडेल चुकलं नव्हतं. मी जे शिकवलं ते ते चोख शिकलं होतं.

मग त्या ऑगस्टच्या बाळाची ओळ शोधली. वय सात महिने, वजन ६.२, ऑक्सिजन ८४, श्वास ६८ (हो ताई, चाराच्या पाढ्यातला). शेवटी ०. मॉडेलला विचारलं, या बाळाला ॲडमिट करावं लागायची शक्यता किती? ३ टक्के म्हणालं. ज्या बाळासाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्याच बाळाला आम्ही पुन्हा बाकावर बसवलं असतं, तेही फोनवर हिरवा रंग दाखवून.

मामांना दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डामाची पण बघ." तीही निघाली, ४३. ॲडमिट करा म्हटलं, पण घरच्यांनी सही करून नेली. त्यातली बरीच ऊसतोडीच्या टोळ्यांची, नोव्हेंबर ते मार्च. कोयता बंद राहिला की उचल फिटायची कशी, मुकादम गाडी थांबवत नाही, ही कारणं मामांनी त्या त्या पेपरवर लिहून ठेवलीयत. त्यांच्याही पुढं माझं ०.

ताई, ९८.६ ची मोजदाद केली. १,१०० च्या वर आहेत. आणि ५० श्वास लिहिलेला अख्ख्या दोन वर्षांत एकही पेपर नाही.

आकडेमोड (शुक्रवार, रात्री ११:१०)

ताईंना साष्टांग. मी वाटणी आणि उंबरठा शिकवत बसलो आणि रकान्याकडं बघितलंच नाही.

तुमच्यावर आलेली वेळ जुनी आहे, एकट्याला लावून घेऊ नका. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाचे कुठले पेशंट घरी पाठवायला हरकत नाही हे मशीनकडून काढून घ्यायचा प्रयत्न झाला. त्यातल्या एका मॉडेलनं नियम काढला, दमा असेल तर धोका कमी. कारण दमेकऱ्यांना न्यूमोनिया झाला की डॉक्टर थेट अतिदक्षता विभागात टाकत आणि ते वाचत. संशोधक रिच कारुआना आणि मंडळींनी २०१५ मधे ही गोष्ट पुन्हा सविस्तर लिहिली. तिथं सगळ्यात हुशार होतं ते न्यूरल नेटवर्क, पण आत काय शिकलंय ते दिसत नव्हतं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. तुम्हाला ८६ आणि ९२ चा घोळ दिसला, कारण तुम्ही आत डोकावलात. साबणवाल्या नोकरीत कुणी डोकावत नाही.

दुष्काळी_डॉक्टर (शनिवार, सकाळी ६:४०)

जत भागात प्रॅक्टिस करतो, लहान मुलांचीच. रात्रपाळी संपवून वाचतोय, त्यामुळं विस्कळीत लिहीन.

ॲडमिट होणं ही लेकराची अवस्था नाही, ते आमचं वागणं आहे. खाट रिकामी आहे का, बाप बरोबर आलाय का, खिशात किती आहेत, एसटी आहे का, हे सगळं त्या एका अक्षरात येतं. स्पष्टच लिहितो, मेडिक्लेमचंही येतं. चोवीस तास भरती झाल्याशिवाय बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. कंपनीत कामाला असलेला बाप विचारतो, डॉक्टर एक दिवस ठेवता का? काही जण ठेवतात. त्याचं सर्दी-तापाचं पोरगं तुमच्या डेटात १ आणि टोळीवरचं न्यूमोनियाचं ०. म्हणून झालं काय ते न विचारता डॉक्टरांनी सांगितलं काय ते विचारा. ठेवा म्हटलं, रेफर केलं, डामा, तिन्ही १. शिवाय सात दिवसांनी फोन करा. घरी पाठवलेल्यातलं कुणी दुसरीकडं भरती झालं का, ते त्याशिवाय कळायचं नाही.

युगांडातल्या जिंजा इथल्या सरकारी हॉस्पिटलात मुलांसाठी असंच दारातलं मॉडेल बनवलंय, स्मार्ट ट्रायज नावाचं. त्यात नऊ गोष्टी आहेत: वय, नाडी, ताप, दंडाचा घेर, ऑक्सिजन, श्वासाला त्रास, सूज, फिकेपणा, आणि नववी म्हणजे घरच्यांना वाटणारी काळजी. आईला काय वाटतं तो चक्क एक रकाना आहे. मी वाचलं तेव्हा हसलो होतो, आता हसत नाही. आईला आकडा सांगता येत नाही, पण "आज हे वेगळंच दिसतंय" हे तिला आपल्या आधी कळतं. तुमच्या त्या बाळाच्या आईला कुणी विचारलंच नसणार. युगांडाचे गुणक, म्हणजे प्रत्येक गोष्टीला दिलेलं वजन, मात्र जसेच्या तसे उचलू नका. तिथं मलेरिया आहे, आपल्याकडं डेंगी.

डेंगीवरून आठवलं. तापाच्या रकान्यावर फार भिस्त ठेवू नका. डेंगीत तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. आई खूश असते, ९८ आला म्हणते. लेकरू पोट धरून बसलेलं, दोन-तीनदा उलटी, हातपाय गार. दारात नुसता ताप घेतला तर ते शेवटच्या नंबरला जाईल. किती दिवसांपासून हे तुमच्याकडं आहे, त्याला "ताप उतरला कधी" जोडा.

आणि मॉडेल काहीही म्हणो, धोक्याची चार लक्षणं त्याच्या वर ठेवा: पीत नाही किंवा ओढत नाही, खाल्लेलं प्यालेलं सगळं उलटून टाकतं, झटके आले, सुस्त पडलंय किंवा हाक मारून उठत नाही. यातलं एक जरी असलं तरी आकडे न भरता उचलून आत. आमच्या आरोग्यसेविकांना आयएमएनसीआयमधे (लहान मुलांच्या आजारांचं सरकारी प्रशिक्षण) हेच शिकवतात, त्याला मशीन लागत नाही.

नावं आणि मोबाइल नंबर काढल्याशिवाय ती एक्सेल कुठल्याही ऑनलाइन टूलला चढवू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत पालकांची संमती मागतो. उद्या पेपर लिहायचा विचार असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, नंतर नाही.

कृष्णाकाठची (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०)

आठवडाभराचा हिशोब देते.

तिन्ही मिळून १ झाले ४९८. वेळ आणि गाव काढून टाकलं. दारात लेकरू कुठून आलं याच्याशी आपल्याला देणं-घेणं नाही. बूस्टिंगही काढलं आणि साधं लॉजिस्टिक रिग्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक गोष्टीला किती वजन ते मामांना कागदावर दिसतं. आता ऑक्सिजन पहिला, श्वास दुसरा. ८६ आता ९२ पेक्षा जास्त घाबरवतो. ते ऑगस्टचं बाळ सगळ्यात वरच्या ओळींत आलं. पण हे जुन्याच रजिस्टरवर, चारानं गुणलेल्या श्वासांवर आणि ९८.६ वर उभं आहे. त्यामुळं कितीही चांगलं दिसलं तरी मी आकडा इथं लिहीत नाही, नाहीतर मामा परत मित्रांना सांगतील.

मामांनी ठरवलंय की यंदाचा पावसाळा मॉडेल कुणालाच दाखवायचं नाही. दारात टेबल टाकलंय, एक सिस्टर बसतात. टेबलावर सेकंद काटा असलेलं भिंतीवरचं जुनं घड्याळ उभं करून ठेवलंय. चार लक्षणं खडूनं पाटीवर. एक मिनिट श्वास, ऑक्सिजन, आणि आईला एकच प्रश्न, "आज लेकरू तुम्हाला वेगळं वाटतंय का?" हो किंवा नाही, आई म्हणेल ते लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. मॉडेल मागं गुपचूप चालेल, मी दिवाळीत ताडून बघेन. केसपेपरवर छापखान्यातून नवा रकाना घेतला: "काय सांगितलं", त्यात घरी, ठेवा, रेफर, डामा. मामा अजूनही लाल पेननं कोपऱ्यात लिहितात, पण आता रकान्यातही लिहितात.

पहिल्याच दिवशी एक आई म्हणाली, "वेगळं नाही ओ, पण काल रात्रीपासून माझ्याकडं बघतच नाही." सिस्टरनी मला फोन केला, याला हो लिहू का नाही? मी म्हटलं, आधी उचलून आत न्या, मग हो लिहा.

आता एक बारीक अडचण आहे, ताईंसाठी. ऑक्सिमीटर मोठ्या माणसांचा चिमटा आहे. काल एका दहा महिन्यांच्या बाळाला ७९ दाखवला. बाळ खिदळत होतं, सिस्टरच्या गळ्यातली चेन ओढत होतं. मामा धावत बाहेर आले. असले भोंगे रोज झाले तर दोन आठवड्यांत कुणी उठून बघणार नाही.

वॉर्डातली_ताई (पुढचा रविवार, रात्री ८:५०)

तो चिमटा बाळाच्या बोटाला ढिला बसतो गं, बाजूनं उजेड शिरतो. लहान मुलांचा, पट्टीसारखा गुंडाळायचा येतो तो मागवा. तो पायाच्या अंगठ्याला लावायचा आणि वरून मोजा घालायचा, म्हणजे उजेडही जात नाही आणि बाळाला ओढताही येत नाही. पाय गार असेल तर आधी तळहातात धरून ऊब द्यायची, गार पायाला आकडा खोटा येतो.

आणि पहिला आकडा कधी लिहायचा नाही. मशीनवर नाडीचा आकडा येतो, तो आणि आपण छातीला नळी लावून मोजलेले ठोके जुळतात का बघायचं. जुळले नाहीत तर वरचा ऑक्सिजन कचऱ्यात. जुळले की अर्धा मिनिट थांबायचं आणि मग लिहायचं. लाथा मारत असेल तर आईच्या मांडीवर द्या, अंगावर पाजायला लावा आणि तेवढ्यात लावा. श्वास मात्र त्याच्या आधी मोजून घ्या, पिताना मोजू नका.

बाळाच्या अंगठ्यांना मेंदी असेल तर दुसरं बोट. आमच्याकडं एकदा बारशाच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं एक, दोन्ही अंगठे रंगवलेले, आणि नवी सिस्टर ते पुसत बसली होती.